सॅमनचा गळ: बार्ब दाबायचा की बार्बलेसच घ्यायचा?

प्युजेट साउंडमध्ये (अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली समुद्राची खाडी) सॅमन गरवायचा तर गळ एका टोकाचा आणि बिनबार्बचा लागतो, म्हणजे टोकामागचा उलटा काटा नसलेला, ते सगळ्यांना माहितीये. प्रश्न पुढचा, साधे बार्बवाले गळ आणून पकडीने बार्ब दाबायचा का सरळ बार्बलेसचं पाकीट घ्यायचं. नियमात दोन्ही बसतं आणि मी दोन्ही करून बसलोय.

साधा गळ कुठेही, हव्या त्या साइझमध्ये मिळतो हे खरंच सोयीचं. बझ बॉम्बला (धातूचं बनावट आमिष) तिहेरी गळ असेल तर तो काढून एकेरी लावायचाच असतो, मग घरात पडलेला साधा का नको, असं मीही म्हणायचो. शिवाय दाबल्यावर बारीक उंचवटा उरतो त्याने मासा जरा जास्त टिकतो म्हणतात, मला एकदोनदा वाटलं तसं, पण वाटण्याचं काय एवढं.

माझं डोकं फिरलं ते २०२३ ला. पिंक सॅमन इथे मुख्यतः विषम सालीच येतो त्यामुळे ते वर्ष हुकलं की दोन वर्षं थांबा. पॉइंट नो पॉइंटच्या किनाऱ्यावर, पहाटे, बोटं गारठलेली, हेडलॅम्पच्या उजेडात पकड दाबली आणि गळाचं टोकच उडालं, ते मला कळलंच नाही!! तासभर तसाच टाकत होतो, दोनदा चांगला झटका बसला आणि दोन्ही वेळा सुटला, शेजारचे काका तोवर पिशवी भरून निघाले पण. कडक स्टीलला दाबलं की असं होतं, प्रत्येक वेळी नाही, पण नेमकं त्याच दिवशी होतं.

बार्बलेसवर तक्रार एकच, दोरी सैल पडली की मासा गेला. कोहो जातीचा सॅमन तर उड्या मारतो, लोळतो. आमच्या मालवणात बार्बवाल्या गरीची सवय, हात मधेच ढिला सोडायचा, ती मोडायला मला एक अख्खा सीझन लागला. पण जंगली, म्हणजे हॅचरीत न वाढवलेला, चिनूक सॅमन लागला की सोडावाच लागतो, तेव्हा पाण्यातच मनगट फिरवलं की गळ बाहेर. दाबलेल्याचा उंचवटा तिथे कधीकधी अडतो, निदान माझा तरी अडला.

तुमच्याकडे साध्या गळांचा डबा भरलेला असेल तर आधी तो संपवा, माझं काही म्हणणं नाही. फक्त आदल्या रात्री घरीच, नीट उजेडात दाबा आणि प्रत्येक टोक नखावर घासून बघा.