एक्स्पोर्ट-इम्पोर्टचं दोन दिवसांचं वर्कशॉप : पैसे वसूल होतात का?

नाव टाकत नाहीये, कारण असली वर्कशॉपं सांगली, कोल्हापूर, पुणे, नाशिक सगळीकडे कुठल्या ना कुठल्या हॉटेलच्या हॉलमध्ये चालूच असतात आणि स्लाइडा पण फिरून फिरून त्याच असाव्यात असा मला दाट संशय आहे, त्यामुळे जे लिहितेय ते तुमच्या गावातल्याला पण लागू पडेल. मी तासगावात एका बेदाणा व्यापाऱ्याकडे डॉक्युमेंटेशन बघते, म्हणजे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) मेल, बँकेत पेपर. अण्णांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्यांच्या पुतण्याला पाठवलं आणि तो एकटा काय लिहून आणणार म्हणून सोबत मला पण. फी माणशी साडेसात हजार, वर जीएसटी. सरळ सांगते, अडीच स्टार, त्यातले दोन एकाच माणसाचे आहेत.

पहिल्या दिवशीची सकाळ सोडूनच द्या. टाय घातलेले मोटिव्हेशनवाले सर, डॉलरचा रेट, "तुमच्या गावचा गूळ न्यूयॉर्कात", टाळ्या, शेजाऱ्याला हात मिळवा वगैरे. मग आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीला लागणारा सरकारी कोड नंबर, काढून देण्याची ऑफर आली, "फक्त आजच्या दिवस" साडेचार हजारात. अहो, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार खात्याच्या) साइटवर सरकारी फी ५०० रुपये आहे, पॅन, पत्ता, बँकेचं अकाउंट एवढं असलं की घरी बसून निघतं. आणि जे सांगायला पाहिजे होतं ते सांगितलंच नाही, की दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये आयईसी ऑनलाइन अपडेट करावा लागतो, काहीच बदललं नसेल तरी कन्फर्म करावा लागतो, नाहीतर तो डीअॅक्टिव्हेट होतो आणि हे बहुतेकांना कधी कळतं तर गाडी लोड होऊन उभी असताना.

स्लाइडवर एमईआयएस होतं, म्हणजे निर्यातदारांना फायदा देणारी जुनी सरकारी स्कीम! ती स्कीम ३१ डिसेंबर २०२० ला संपली, १ जानेवारी २०२१ पासून तिच्या जागी रोडटेप आली. ते पण "सरकार तुम्हाला पैसे देतं" असं सांगितलं, तसं नाहीये. निर्यातीच्या मालावर जे कर आधीच भरले गेलेत आणि जीएसटीत परत मिळत नाहीत ते परत करायची ती स्कीम, एफओबी (जहाजावर चढेपर्यंतच्या) किमतीवर मालाप्रमाणे टक्केवारी, आणि ती पण रोख नाही, आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) ई-स्क्रिप, म्हणजे तेवढ्या रकमेचं क्रेडिट, येते, ती विकायची नाहीतर इम्पोर्टची ड्युटी भरायला वापरायची. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका काकांनी वहीत "सबसिडी" असं लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या, बिचारे.

आता मुद्द्याचं. या सगळ्या धंद्यात कागद शिकता येतात, बायर पण कधी ना कधी मिळतो, पण आपली जबाबदारी नेमकी कुठं संपते हे माहीत नसेल तर एका कंटेनरमध्ये माणूस बसतो. आणि ह्या विषयाला अख्ख्या दोन दिवसांत मिळून एक सव्वा तास. इन्कोटर्म्स, म्हणजे खर्च आणि जोखीम सेलरकडून बायरकडे कुठं जाते हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय टर्म्स. सकाळच्या सरांनी दहा मिनिटांत उरकलं, स्लाइडवर डीएटी होतं जे २०१० च्या नियमांतलं. १ जानेवारी २०२० पासून इन्कोटर्म्स २०२० लागू आहेत, त्यात डीएटीच्या जागी डीपीयू (माल ठरलेल्या जागी उतरवून देणं) आलं, एकूण टर्म्स ११ च. बरं, तेवढं जुनं चालवून घेतलं असतं, पण सीआयएफबद्दल, म्हणजे विमा आणि भाडं धरून किंमत लावायच्या टर्मबद्दल, सरांनी ठणकावून सांगितलं की "सीआयएफ म्हणजे माल तिथल्या पोर्टला सुखरूप पोचेपर्यंत रिस्क तुमची". साफ चूक.

दुपारी मग ते दुसरे सर आले. वयस्कर, न्हावा शेवाला सीएचएकडे आयुष्य काढलेला माणूस, पीपीटी नाही काही नाही, मार्कर घेतला आणि बोर्डावर डावीकडे तासगाव, मध्ये न्हावा शेवा, उजवीकडे जेबेल अली (दुबईचं बंदर) लिहिलं आणि दोन रेघा मारल्या, एक खर्चाची, एक जोखमीची. सीआयएफमध्ये खर्चाची रेघ पार जेबेल अलीपर्यंत जाते, भाडं आपलं, विमा आपण काढायचा, पण जोखमीची रेघ न्हावा शेवाला माल जहाजावर चढला की तिथंच थांबते. मध्ये समुद्रात काही झालं तर नुकसान बायरचं, क्लेम बायरनं त्या विम्यावर करायचा. सकाळच्या सरांचं नाव न घेता त्यांनी सगळं उलटं होतं ते सुलटं केलं, मागच्या बाकावर कुजबुज झाली ती झालीच.

मग एफओबी. आपल्याकडे सगळे डोळे झाकून एफओबी न्हावा शेवा लिहितात. सर म्हणाले, एफओबी ही टर्म माल प्रत्यक्ष जहाजावर चढवण्याशी बांधलेली आहे, कंटेनरचं काय होतं, तुम्ही तो सीएफएसला (बंदराजवळच्या कंटेनर गोडाऊनला) नाहीतर टर्मिनलच्या गेटवर देऊन मोकळे, पुढे यार्डात तो पडून राहील, क्रेन उचलेल, त्यावर तुमचा काडीचा कंट्रोल नाही, पण जहाजावर चढेपर्यंत रिस्क तुमचीच. म्हणून कंटेनरसाठी एफसीए लिहा, ठरलेल्या जागी शिपिंग लाइनच्या ताब्यात दिला की संपलं. बँकेला ऑन बोर्ड बीएल (माल जहाजावर चढल्याची नोंद असलेला शिपिंग लाइनचा कागद) लागतो म्हणून लोक एफसीएला घाबरायचे, तर २०२० च्या नियमांत त्याची पण सोय आहे, बायरनं आपल्या कॅरिअरला सांगायचं की सेलरला ऑन बोर्ड नोंदीचा बीएल दे, असं दोघांनी आधी ठरवून घेता येतं. हे मी आल्या आल्या अण्णांना सांगितलं, अण्णा म्हणाले बायर ऐकेल का, ते खरंय, जुना बायर पटकन ऐकत नाही.

एक्सवर्क्स नवीन लोकांना फार गोड वाटतं, गोडाऊनमधून उचला म्हणजे आपण सुटलो. कागदावर एक्स्पोर्ट क्लिअरन्स बायरचा, पण शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद) इथल्या आयईसीवर निघतं, दुबईचा बायर कुठून आणणार आयईसी, शेवटी तुमच्याच नावावर निघतं आणि जबाबदारी पण तुमचीच. आणि डीडीपी त्याच्या बरोब्बर उलट, तिथली ड्युटी, व्हॅट, क्लिअरन्स सगळं तुमच्या डोक्यावर, तिथं तुमच्या वतीनं इम्पोर्टर म्हणून उभं राहणारं कोणी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

विम्याचं जे सांगितलं ते तर सोनं होतं. सीआयएफमध्ये सेलरनं किमान क्लॉज सीचा (सगळ्यात कमी कव्हरचा) विमा काढला तरी चालतो, इनव्हॉइसच्या ११० टक्के रकमेचा, पण क्लॉज सी म्हणजे आग, जहाज बुडणं, टक्कर असल्या मोठ्या गोष्टी. चोरी नाही, कंटेनरच्या भोकातून पाणी शिरून बेदाणा भिजला तर नाही. सीआयपीला (सीआयएफसारखीच, पण कुठल्याही वाहतुकीला चालणारी टर्म) मात्र २०२० पासून क्लॉज ए, म्हणजे सगळ्यात मोठं कव्हर, लागतो. २५ मे २०२५ ला कोचीजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडालं, सहाशेच्या वर कंटेनर होते, सरांनी तेच उदाहरण घेतलं, बुडालेला माल क्लॉज सीतही येतो, पण तोच कंटेनर दुसऱ्या जहाजावर नुसता भिजला असता तर बसा बोंबलत. आणि जनरल अॅव्हरेज! एव्हर गिव्हन २०२१ मध्ये सुवेझला अडकलं तेव्हा जहाजमालकानं तेच जाहीर केलं होतं, म्हणजे जहाज वाचवायचा खर्च मालवाल्यांनी पण वाटून घ्यायचा, तुमच्या मालाला ओरखडा नसला तरी. विमा असेल तर विमा कंपनी गॅरंटी देते, नसेल तर पैसे भरल्याशिवाय माल सुटत नाही. हॉलमध्ये शांतता पसरली, कारण निम्म्या लोकांनी जनरल अॅव्हरेज पहिल्यांदाच ऐकलं होतं.

आणि इथं आयोजकांनी सरांना थांबवलं. का, तर "सक्सेस स्टोरी" घ्यायची होती. एक मुलगा आला, त्यानं सहा महिन्यांत किती लाख कमावले ते सांगितलं, कोणत्या टर्मवर, पेमेंट कसं आलं, एक अक्षर नाही.

चहाच्या वेळी मी सरांना गाठलं, आणखी दोघंतिघं होते. तिथं उभ्या उभ्या जे कळलं ते हॉलमध्ये सगळ्यांना कळायला हवं होतं. एक म्हणजे, इन्कोटर्म्समध्ये पेमेंट कधी करायचं आणि मालकी कधी बदलते यातलं काहीही नसतं, ते कॉन्ट्रॅक्टमध्ये वेगळं लिहावं लागतं. दोन, बायरनं तिकडं माल उचललाच नाही तर डिटेन्शन, डेमरेजसाठी (कंटेनर अडकून राहिल्याच्या भाड्या-दंडासाठी) शिपिंग लाइन बीएलवर शिपर म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्याकडेच येते, तुम्ही एफओबी विकलाय की सीआयएफ याच्याशी लाइनला घेणंदेणं नाही, म्हणून फ्री डेज (बिनदंडाचे दिवस) किती ते बुकिंगच्या वेळीच मेलवर लेखी घ्या. तीन, पेमेंट यायच्या आत बीएल सरेंडर करून टेलेक्स रिलीज (मूळ बीएल न दाखवता माल सोडायची परवानगी) देऊ नका, बायर कितीही "भाई भाई" करू दे. चार, वजनाचं व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन, १ जुलै २०१६ पासून सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमाखाली ते जाहीर करायची जबाबदारी शिपरची, ट्रान्स्पोर्टरनं काटा केला म्हणून त्याची होत नाही. आणि शिपिंग बिलात चुकीचं वर्णन गेलं तर "सीएचएनं भरलं" हे कस्टम्ससमोर चालत नाही, खाली डिक्लरेशन तुमचं असतं. पुतण्या हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करत होता, तेवढं एक काम त्यानं चांगलं केलं.

जेवण बरं होतं. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. एसी फार.

दुसऱ्या दिवशी सकाळी एचएस कोड, म्हणजे मालाचा कस्टम्समधला नंबर, हे सेशन ठीकठाक, बेदाणा ०८०६ २०, हळद ०९१० ३०, आणि बेदाणा-गूळ अपेडाकडे (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) पण हळद स्पायसेस बोर्डाकडे हे नीट सांगितलं, आमच्या भागात दोन्ही करणारे पुष्कळ आहेत आणि एकाच रजिस्ट्रेशनवर भागेल असं समजून चालतात. लाकडी पॅलेट असेल तर हीट ट्रीटमेंटचा आयएसपीएम १५ शिक्का पाहिजे हे पण आलं, छान. एलसीवर (बायरच्या बँकेची पेमेंटची हमी) मात्र "बँक सगळं बघते" एवढंच. बँक कागद बघते, माल बघत नाही, आणि कागदात एक स्पेलिंग इकडचं तिकडं झालं की डिस्क्रिपन्सी (कागद जुळत नाही असा शेरा) लावून पैसे अडकवू शकते, ते कोण सांगणार? ईसीजीसी या सरकारी विमा कंपनीचं तर नाव पण निघालं नाही. उधारीवर माल देणाऱ्याला बायर बुडवेल याचा विमा मिळतो हे सांगायला पाच मिनिटं लागतात.

निफाडकडच्या एका दादांनी कांद्याचं विचारलं, ऑर्डर घेतली आणि मध्येच बंदी आली तर काय. उत्तर मिळालं, "पॉझिटिव्ह राहा." अरे देवा. त्या माणसानं ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के ड्युटी बघितली, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलरची किमान किंमत, ८ डिसेंबरला थेट बंदी, मे २०२४ ला उघडलं ते ५५० डॉलर आणि ४० टक्क्यांसकट, सप्टेंबरमध्ये किमान किंमत गेली, ड्युटी २० वर आली, १ एप्रिल २०२५ ला ती पण गेली. हे सगळं बघितलेल्या माणसाला पॉझिटिव्ह राहा म्हणता? त्याला सांगायचं होतं की नोटिफिकेशन आलं की त्यातली सूट कोणत्या तारखेवर अवलंबून आहे ते आधी वाच, शिपिंग बिलाच्या, कस्टम्सच्या ताब्यात माल दिल्याच्या की जहाज लागल्याच्या, आणि बायरसोबतच्या करारात सरकारी बंदीचं कलम घाल म्हणजे तो नुकसानभरपाई मागणार नाही.

इम्पोर्ट हा शब्द कोर्सच्या नावात आहे म्हणून दुपारी अर्धा तास इम्पोर्ट. एका मुलाला चीनमधून खेळणी आणायची होती, त्याला साइट कशी सर्च करायची ते दाखवलं, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मार्क सक्तीचा आहे हे कोणी बोललं नाही. मी मधल्या सुट्टीत त्याला सांगितलं, त्याचा चेहराच पडला, अॅडव्हान्स पाठवायच्या बेतात होता. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, माल पोचायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं, उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० लेट चार्ज, हे पण नाही.

"पोर्ट व्हिजिट" वेगळे पैसे भरून, ते आम्ही घेतलं नाही. गेलेल्यांनी सांगितलं की बस गव्हाण फाट्याच्या पुढं नेऊन लांबून क्रेन दाखवल्या, आत जायचा पास कोणाकडेच नव्हता. लाइफटाइम सपोर्टचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात फक्त अॅडमिन लिहू शकतो आणि अॅडमिन फक्त पुढच्या बॅचची जाहिरात टाकतो.

तर कोणी जावं? ज्याला यातलं काहीच माहीत नाही आणि वाचायचा कंटाळा आहे त्यानं जावं, पण सकाळी उशिरा जा, मोटिव्हेशन चुकवा, आयईसीचे पैसे देऊ नका, आणि बुकिंगच्या आधी फोन करून विचारा की इन्कोटर्म्स कोण घेतंय. ज्यांचा माल आधीच जातोय त्यांनी तेवढ्याच पैशात आपल्या सीएचएच्या ऑफिसात एक दिवस बसावं, स्वतःच्याच जुन्या फायली काढून प्रत्येकावर खर्च कुठं संपला आणि रिस्क कुठं संपली ते विचारावं. ते वयस्कर सर एकटे कुठं शिकवत असतील तर मला कमेंटमध्ये कळवा, ही फी मी त्यांना खुशीनं देईन, यावेळी अण्णांच्या नाही, माझ्या खिशातून.