फुले समाधान गहू: उशिराच्या रानाचा वाण

सोयाबीन निघून रान तयार होईपर्यंत मराठवाड्यात नोव्हेंबर अर्धा सरतो. कापसाचं रान असेल तर डिसेंबरच उजाडतो. अशा रानात फुले समाधान (एनआयएडब्ल्यू 1994) घ्यावा. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचा हा वाण बागायती वेळेवर आणि उशिरा, दोन्ही पेरण्यांसाठी शिफारशीत आहे. सरासरी उत्पादन वेळेवर पेरल्यास हेक्टरी 46 क्विंटल, उशिरा 44 च्या आसपास. हे प्रयोगक्षेत्रावरचे आकडे, शेतात तेवढे धरू नयेत. पण दोन्हींतलं अंतर किती कमी आहे ते बघा, बियाण्याच्या पिशवीचे पैसे त्याचेच. तांबेरा रोगापुढेही लोकवनपेक्षा बराच दम धरतो.

तक्रारी येतात त्या बहुधा पातळ पिकाच्या. 40 किलोची पिशवी, म्हणून एकरी एकच पिशवी, हा हिशेब वेळेवरच्या पेरणीलाच कसाबसा पुरतो. उशिरा पेरलेल्या गव्हाला फुटव्यांना, म्हणजे बुडातून फुटणाऱ्या जादा काड्यांना, दिवस मिळत नाहीत. तिथे एकरी 50 ते 60 किलो बी आणि दोन ओळींत 18 सेंटिमीटर अंतर लागतं. बी 5-6 सेंटिमीटरच्या खाली गेलं की उगवण रेंगाळते.

पहिलं पाणी 18 ते 21 दिवसांनी. एखादं रोप उपटून बघा: जमिनीलगतच्या पेरातून पांढरी जाड मुळं सुटताना दिसतात, ती मुकुटमुळं. नेमका तेव्हा कालव्याच्या पाण्याचा खंड पडला तर फुटवे गेलेच. त्यानंतर कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणा भरताना पाणी हवं. भारी काळ्या रानात मोकाट पाणी सोडलं की पीक पिवळं पडतं, आणि लोक युरिया टाकत बसतात! सारे (लांबट वाफे) पाडून हलकं पाणी द्या.

विहिरीला एक-दोनच पाणी असेल तर हा वाण घेऊ नका, त्यासाठी नेत्रावती हा कमी पाण्याचा वाण आहे. विक्रीचं म्हणाल तर गिऱ्हाईक अजून लोकवनच मागतं, त्यामुळे नावावर जादा भाव धरू नका. बी मात्र दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. गहू स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागावर दाणे धरणारा, त्यामुळे घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. भेसळीच्या ओंब्या उभ्या पिकातच काढा आणि पेरताना किलोला 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा.