सॉल्व्हंट रिकव्हरी युनिट : आठ महिन्यांत तिसरं गॅस्केट

तेलकट माती धुवायला वापरलेलं हेक्झेन (तेल विरघळवणारं सॉल्व्हंट) उकळून परत मिळवायचं हे आमचं यंत्र. काल झाकण उघडलं तर गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी रबरी रिंग, पुन्हा फुगून खोबणीबाहेर आलेलं. सर्व्हिसवाला म्हणतो, "साहेब, तुम्ही बोल्ट जास्त आवळता." मी जुन्या रिंगेचा एक तुकडा रात्रभर हेक्झेनमध्ये बुडवून ठेवला. सकाळी तो त्याच खोबणीत मावेना. ईपीडीएम रबर आहे ते. पाण्याला, वाफेला उत्तम. हेक्झेनपुढे टिकत नाही. सॉल्व्हंटसाठी म्हणूनच विकलेल्या यंत्राला हे बसवलंच कसं?

रिंग स्वस्त आहे, पण गळती स्वस्त नाही. हेक्झेनची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते तो, उणे 22 अंश. वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आमच्या शेडच्या भिंतीपलीकडे वेल्डिंग चालतं. मला झोप लागत नव्हती.

यंत्राबद्दलचं माझं मत मात्र मधेच बदललं, तेही सांगायला हवं. तेलकट माती धुवायला 50 लिटर घालायचो, परत यायचं 38-39. दोन महिने मी कंडेन्सरला, म्हणजे वाफ थंड करून द्रव करणाऱ्या भागाला, दोष देत होतो. मग धुतलेली माती तोलली, आणि तूट तिथेच सापडली. आपली काळी चिकण माती दाबून गाळली तरी सॉल्व्हंट सोडत नाही. आता त्याच मातीत थेट वाफ सोडतो. एकटं हेक्झेन 69 अंशांना उकळतं, पाण्याबरोबर साधारण 62 लाच निघतं. थंड झालं की पाण्यावर तरंगतं, वरचं काढून घ्यायचं. आता 46-47 लिटर हाती येतं. प्रत्येक लिटर विकत घेणाऱ्यालाच कळेल हा फरक. खालचं पाणी मात्र गटारात सोडू नका, त्यात तेलाचा अंश असतो.

टोल्यूइन एकदा वापरून पाहिलं. तेल छान सुटतं, पण ते 110 अंशांवर उकळतं, म्हणजे इंधन जास्त. सोडून दिलं.

मे महिन्यात दुपारी कंडेन्सर थंड ठेवणारं टाकीतलंच पाणी इतकं तापतं की कंडेन्सरमधून वाफ निसटते. आम्ही पहाटे पाचला भट्टी लावायचो.

गॅस्केट शेवटी मीच बाजारातून पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) आणलं. ते रबरासारखं दबत नाही, म्हणून समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळत जावं लागतं. आज तीन फेऱ्या झाल्या, वास नाही. बिल पुरवठादाराला पाठवलंय. पैसे येईपर्यंत तिन्ही फुगलेल्या रिंगा कपाटात जपून ठेवणार आहे.