गर्भधारणेपूर्वीची दंततपासणी: कोथरूडमधील एका दवाखान्याचा अनुभव

बाळाचा विचार सुरू केल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांबरोबर दातही तपासून घेण्यास सांगितले, तेव्हा मला नवलच वाटले होते. या दवाखान्यातील डॉक्टर बाईंनी प्रत्येक दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली बारीक खुणा असलेल्या सळईने मोजली. निरोगी हिरडीत ही खोली साधारण 3 मिलिमीटरपर्यंत असते. माझ्या दोन दाढांपाशी ती 5 भरली. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढले की आधीच सुजलेल्या हिरड्यांतून रक्त येणे कसे वाढते, हे त्यांनी घाई न करता समजावले. दोन बैठकांत स्केलिंग (दातांवर साचलेला कडक थर खरवडून काढणे) झाले आणि वारंवार ठणकणारी अक्कलदाढही एक्स-रे काढून आताच काढून टाकली, कारण गरोदरपणी असे उपचार करता येत असले, तरी टेट्रासायक्लिनसारखी काही औषधे वर्ज्य ठरतात. हिरड्यांवर उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते असे सिद्ध झालेले नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि मला हाच प्रामाणिकपणा सर्वांत भावला. (माझ्या मिश्री लावण्याच्या सवयीवर मात्र चांगलीच बोलणी बसली.) तक्रार एवढीच, की वेळ ठरवूनही पाऊण तास ताटकळावे लागले आणि दरपत्रक कोठेही लावलेले नाही.