चिकटणारा ब्रेक: घरी पिन साफ कराव्यात की गॅरेजमध्ये कॅलिपर खोलावा?

पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की पहिल्या ब्रेकला खरखर होतेच. तो डिस्कवरचा, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवरचा, वरवरचा गंज. पाच-सहा ब्रेक मारले की जातो. त्यासाठी काही खोलू नका.

एकच चाक तापतंय, गाडी एका बाजूला ओढतेय, तर बहुधा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अडकलाय. बऱ्याचदा तो ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन कोरड्या पडलेल्या असतात. हे घरी जमतं: चाक काढा, पिन पुसा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. आणि नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड हवाच. यात तडजोड नाही. पॅड ३ मिमीपेक्षा कमी उरले असतील तर त्याच वेळी त्या जोडीतल्या (पुढच्या किंवा मागच्या) दोन्ही चाकांचे बदला.

कॅलिपरमधला, पॅड ढकलणारा पिस्टन मात्र क्लॅम्पने दाबूनही मागे सरकत नसेल, तर गॅरेजच बरं. सील बदलायचं, ब्रेक ऑइल भरायचं, नळीतली हवा काढायची. हवा राहिली तर पेडल खोल जातं आणि ब्रेक लागत नाही. खर्च जास्त, पण इथे मी पैसे वाचवणार नाही. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज थांबतच नसेल, तर गाडी चालवत नेऊही नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.