व्हिएन्नातील बंद ग्रंथालय आणि चौकाखालचे संग्रहालय

व्हिएन्नाच्या जुन्या शहरातील युडेनप्लाट्स या चौकासाठी आम्ही एक अख्खी सकाळ राखून ठेवली होती आणि तीही अपुरी पडली. नाझींनी १९३८ ते १९४५ या काळात मारलेल्या ६५,००० हून अधिक ऑस्ट्रियन ज्यूंचे स्मारक येथे ऑक्टोबर २००० पासून उभे आहे. ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांची ही कृती. व्हाइटरीड रोजच्या वापरातील वस्तूच्या आतली किंवा भोवतीची पोकळी साच्यासारखी भरून घेतात: खुर्चीखालची जागा, गरम पाण्याच्या पिशवीचा आतला भाग, आणि १९९३ मध्ये तर पूर्व लंडनमधील एका घराचा सबंध अंतर्भाग. त्याच वर्षी ब्रिटनमधील टर्नर हे कला-पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

येथे त्यांनी निवडलेली वस्तू म्हणजे पुस्तक. सुमारे १० मीटर लांब आणि ७ मीटर रुंद अशी ही काँक्रीटची खोली दुरून राखाडी बंकरसारखी दिसते, त्यामुळे लांबूनच छायाचित्र काढून निघणाऱ्याच्या पदरी काही पडणार नाही. हातभर अंतरावर गेल्यावर लक्षात येते की भिंती म्हणजे पुस्तकांच्या रांगाच आहेत, पण प्रत्येक पुस्तकाचा कणा आत आणि पानांच्या कडा बाहेर आहेत, म्हणून एकाचेही नाव वाचता येत नाही. घरच्या कपाटात असे उलटे लावलेले पुस्तक दिसले की ते सरळ करायला हात आपसूक पुढे जातो. तसाच माझा हात गेला आणि गार काँक्रीटला टेकला. समोर दुहेरी दार आहे, पण त्याला ना मूठ, ना कडी. चौथऱ्याभोवती कोरलेली मृत्युस्थळांची नावे वाचत फेरी पूर्ण करायला आम्हांला बराच वेळ लागला, आणि तेवढा द्यावाच असे माझे मत आहे.

चौकातील संग्रहालय पाहिल्याशिवाय मात्र ही भेट अर्धवट राहते. १४२१ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या मध्ययुगीन सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा, पाया, त्यातील सहाकोनी व्यासपीठाच्या खुणांसह, चौकाखाली जपलेला आहे. डोरोथेअरगासे या रस्त्यावरील मुख्य ज्यू संग्रहालयाचे तिकीट येथेही चालते, त्यामुळे दोन्ही मिळून पाहणे सोयीचे पडते. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, दोन्ही बंद असतात. कोकणात तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलांना, म्हणजे तिथल्या मराठीभाषक ज्यूंना, ‘शनिवार तेली’ म्हणत, हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला त्याचे कारण सांगावे लागणार नाही.

आधी स्मारक, मग तळघर, आणि वर आल्यावर स्मारकाभोवती पुन्हा एक फेरी, हा क्रम मी आग्रहाने सुचवीन. दुसऱ्या फेरीत त्या बंद दारासमोर आम्ही पहिल्यापेक्षा अधिक वेळ उभे होतो.