कार्पल टनेलसाठी रात्रीचं स्प्लिंट: नागपुरात नोव्हेंबर ते जून वापरल्यानंतर

आठ महिन्यांच्या वापरानंतरचं मत आधीच सांगायचं तर, कार्पल टनेलवर (मनगटातली नस चेपली जाऊन हाताला मुंग्या येण्याचं दुखणं) रात्रीचं स्प्लिंट, म्हणजे मनगट स्थिर ठेवणारा पट्टा, कामाचं आहे, पण दुकानातून आणलं तसंच बांधलं तर नाही. घोळ आतल्या धातूच्या पट्टीत आहे. सर्जिकलच्या दुकानात ‘मनगटाचा पट्टा’ मागितला की जे हातात ठेवतात, त्यातली ॲल्युमिनियमची पट्टी बहुतेक वेळा २० ते ३० अंश मागे वाकवलेली असते. हात लुळा पडलेल्या माणसाला त्या बाकामुळे वस्तू धरता येते, म्हणून तो दिलेला असतो. कार्पल टनेलमध्ये मात्र मनगट सरळच लागतं.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांची पन्हळ आणि तिच्यावर घट्ट पडदा, असा तो बोगदा. त्यातून बोटं मिटणाऱ्या ९ कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि मीडियन नर्व्ह ही एक नस जाते. मनगट पुढे दुमडलं किंवा मागे वळलं की आतला दाब वाढतो आणि नस चेपली जाते. झोपेत हात गालाखाली किंवा उशीखाली दुमडला जातो, म्हणून रात्री दोन-तीनला मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकल्यावर बरं वाटतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढंच बधिर होतं. करंगळीसुद्धा बधिर होत असेल तर दुखणं वेगळं असू शकतं; कोपर आणि मान तपासून घ्यावी.

तर पट्टी सरळ कशी करायची? ती तळव्याकडच्या खिशात असते. वरची चेन किंवा वेल्क्रो उघडून बाहेर ओढायची. बाक नेमका जिथे आहे तिथे टेबलाच्या सपाट पृष्ठावर दाबून हळूहळू सपाट करायची. हातोडी नको, आणि एकाच जागी मागे-पुढे वाकवणंही नको, ॲल्युमिनियमला तडा जातो. परत घालताना गोल केलेलं टोक तळव्याकडे. मग स्प्लिंट बांधून हाताच्या पाठीवर फूटपट्टी ठेवायची: मधल्या बोटाच्या बुडाच्या गाठीपासून मनगटापर्यंतचं हाड आणि कोपराकडचा हात एका रेषेत हवेत. हात किंचित, ५ अंशांपर्यंत, मागे राहिला तरी चालतो. पुढे झुकलेला मात्र चालत नाही.

दुसरी तपासणी कडेची. स्प्लिंटची पुढची कड तळहातावरच्या बोटांजवळच्या आडव्या रेषेच्या खाली थांबली पाहिजे. ती वर आली तर बोटं गाठीपाशी अडतात आणि सकाळी कडक होतात. बंद साधारण ३ असतात. त्यातला मनगटावरून जाणारा बंद सगळ्यात सैल ठेवायचा, खालून एक बोट सहज गेलं पाहिजे. ‘आधार मिळावा’ म्हणून लोक तोच सगळ्यात जास्त आवळतात, म्हणजे ज्या बोगद्यातला दाब कमी करायचा त्यावरच बाहेरून दाब देतात. सकाळी कातडीवर खोल वळ दिसले, बोटं सुजली किंवा थंड पडली, तर बंद घट्ट आहेत असं समजावं. मापासाठी मनगटाचा घेर टेपने सेंटीमीटरमध्ये मोजावा आणि डावं-उजवं पाहून घ्यावं.

फरक कधी दिसतो? पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जाग येणं कमी होतं, आधी रोज, मग एक दिवसाआड, मग क्वचित. बोटांच्या टोकांचा बधिरपणा त्याहून चिवट असतो. निदान ६ आठवडे रोज रात्री, एकही खंड न पाडता, हे किमान. पूर्ण अंदाज १२ आठवड्यांनी येतो. चार रात्री लावून ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांनी अजून सुरुवातच केलेली नसते. दिवसभर लावून ठेवू नये, हाताचे स्नायू कमजोर होतात. शिवाय स्प्लिंटच्या विरुद्ध जोर लावून काम केलं तर उलट ताण वाढतो.

आता नागपूरचा उन्हाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काही अडचण नाही, थंडीत तर उबेने बरंच वाटतं. एप्रिलपासून मात्र निओप्रीनचं (रबरी फोमचं) स्प्लिंट रात्री असह्य होतं, आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला की लोक ते काढून फेकतात. घामोळ्या उठतात, वास येतो. उपाय साधे आहेत. छिद्रांचं, सुती अस्तराचं स्प्लिंट घ्यावं. आत जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी घालावी आणि ती रोज बदलावी. शक्य असेल तर दोन स्प्लिंट ठेवून आलटून पालटून वापरावीत. धुताना पट्टी काढावी, सगळे वेल्क्रो बंद करावेत, साध्या साबणाच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावं. मे महिन्याच्या उन्हात वाळत घालण्याचा मोह आवरावा. तासाभरात वाळतं खरं, पण फोम कडक होतो आणि चिकटवलेल्या शिवणी सुटतात. सावलीत, पंख्याखाली वाळवावं. वेल्क्रोत चादरीचे धागे अडकून पकड जाते, ते जुन्या टूथब्रशने काढावेत.

स्प्लिंटसोबत कंडरा सरकवण्याचा व्यायाम केला. पाच स्थिती आहेत: बोटं सरळ; मग बुडाच्या गाठी सरळ ठेवून बोटांचा आकडा; पूर्ण मूठ; फक्त बुडाच्या गाठीतून ९० अंश वाकवून बोटं टेबलासारखी; शेवटी टोकं सरळ ठेवून तळव्याला टेकवलेली सपाट मूठ. प्रत्येक स्थितीत ५ ते ७ सेकंद, ५ फेऱ्या, दिवसातून ३ वेळा. नस सरकवण्याचा व्यायाम वेगळा आहे, तो फिजिओथेरपिस्टकडून एकदा बघूनच करावा. त्यात मुंग्या रेंगाळल्या तर ताण जास्त झाला आहे. आणि रबरी चेंडू दाबणं कृपा करून बंद करा. ‘नस मोकळी करायला’ म्हणून तो घरोघरी सुचवला जातो, पण जोराच्या मुठीने बोगद्यातला दाब वाढतोच.

दिवसा हात कसा वापरतो याला स्प्लिंटइतकंच महत्त्व आहे. गाडीवर ॲक्सिलरेटर पिळताना मनगट मागे वळतं, आणि सिमेंट रस्त्यांच्या जोडांवरचे हादरे थेट हँडलमधून हातात येतात. ब्रेकचा दांडा थोडा खाली फिरवून घेतला तर मनगट सरळ राहतं. मेकॅनिककडे पाच मिनिटांचं काम. कपडे पिळणं, कणीक तिंबणं, खलबत्त्यात ठेचा कुटणं यांच्यामध्ये थांबे घ्यावेत. कपडे नळाभोवती गुंडाळून पिळले तर मनगटाला पीळ कमी बसतो.

स्प्लिंटवर विसंबून तपासणी टाळू नये. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात आणि गरोदरपण यांत हा त्रास जास्त आढळतो, म्हणून साखर आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघून घ्यावं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दल लोक घाबरतात. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत सौम्य ते मध्यम त्रासात ६ आठवड्यांनी इंजेक्शनचा फायदा रात्रीच्या स्प्लिंटपेक्षा जास्त दिसला, ६ महिन्यांनी मात्र दोन्हींत फरक उरला नव्हता. म्हणजे लवकर आराम हवा असेल तर इंजेक्शनचा विचार करण्यासारखा आहे. मधुमेह्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण काही दिवस साखर वाढू शकते.

अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या तुलनेत सपाट दिसू लागला, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकू लागली किंवा बधिरपणा चोवीस तास राहू लागला, तर आणखी ६ आठवडे वाट बघू नये. एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो याची) तपासणी करून हाताच्या सर्जनला भेटावं. वाळलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असं नसतं.

त्रास थांबल्यावर स्प्लिंट एकदम सोडू नये. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोन रात्री, असं महिनाभरात कमी करावं. मधल्या काळात कपड्यांचा मोठा ढीग धुतला किंवा गाडीवर लांबचा प्रवास झाला, तर त्या रात्री न विसरता बांधावं.